यादीतून नाव गळतं तेव्हा

आर्णीहून निघालेला तुळजापूर–नागपूर महामार्ग यवतमाळ आणि वर्धा मागे टाकून बुटीबोरीला येतो, आणि पुढे नागपूरच्या वाटेवर जामठ्याचं स्टेडियम लागतं. या मैदानावरची पहिली कसोटी नोव्हेंबर 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाली. सौरव गांगुलीची ती अखेरची कसोटी होती. पहिल्या डावात 85, दुसऱ्या डावात पहिल्याच चेंडूवर शून्य. आणि सामना संपता संपता धोनीने काही षटकांपुरतं कर्णधारपद त्याच्या हाती दिलं. निवृत्तीची घोषणा मालिकेआधीच झालेली असल्यामुळे आपण काय पाहतो आहोत हे प्रेक्षकांना ठाऊक होतं. विदर्भातल्या रसिकांना एका कारकिर्दीचा शेवट असा डोळ्यांसमोर, तारीख-वारासह पाहायला मिळाला.

हे भाग्य अपवादाचं. भारताकडून खेळलेल्या बहुतेकांची शेवटची कसोटी ही शेवटची होती, हे त्यांना पुढे कधीतरी, दुसऱ्याचं नाव यादीत वाचून कळलं. मग असं होतं कशामुळे? धावा आटल्या, बळी मिळेनासे झाले, हे उत्तर सोपं आहे आणि बहुतेक वेळा अपुरं.

पुरावा हवा असेल तर विजय मांजरेकरांचा घ्या. 55 कसोटी, 3208 धावा, सात शतकं. फिरकी आणि वेगवान दोन्ही मारा त्यांच्याइतक्या तंत्रशुद्धतेने खेळणारे त्या काळात भारतात मोजकेच होते. 1965 साली मद्रासला न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत दुसऱ्या डावात त्यांनी नाबाद 102 धावा केल्या. त्यानंतर त्यांना पुन्हा कसोटी खेळायला मिळाली नाही. वजन वाढलं होतं, क्षेत्ररक्षण मंदावलं होतं, धावा पळून काढणं जड जात होतं. म्हणजे बॅट चालत होती, पण निवड समिती पाहत होती ते पायांकडे.

जगात इतरत्रही असे नमुने आहेत. वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम 1948 मध्ये एकच कसोटी खेळला, त्यातल्या एकुलत्या एका डावात त्याने 112 केल्या आणि तिथेच थांबला. न्यूझीलंडच्या रॉडनी रेडमंडने 1973 मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या एकमेव कसोटीत 107 आणि 56 केल्या. जेसन गिलेस्पी तर 2006 मध्ये चितगावला नाइट वॉचमन म्हणून आला, वाढदिवशी नाबाद 201 वर पोहोचला आणि ऑस्ट्रेलियाकडून पुन्हा कसोटीत दिसला नाही.

मैदानाबाहेरच्या कारणाने गेलेली सर्वांत मोठी कारकीर्द सुभाष गुप्ते यांची. 36 कसोटींत 149 बळी; 1958 मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध एका डावात 102 धावांत 9. डिसेंबर 1961 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी संघ हॉटेलात उतरला होता. गुप्ते यांच्या खोलीतले जोडीदार कृपाल सिंग यांनी स्वागतकक्षातल्या तरुणीला फोन करून सोबत पेय घ्यायला बोलावलं. तिने तक्रार केली आणि निलंबन दोघांचं झालं. फोन केला एकाने, खोली मात्र दोघांची! 1962 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातून गुप्ते यांना वगळलं गेलं. ते तेव्हा 32 वर्षांचे होते, म्हणजे फिरकी गोलंदाजाच्या ऐन उमेदीत. पत्नी त्रिनिदादची, ते तिकडेच स्थायिक झाले आणि 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनलाच वारले. कृपाल सिंग मात्र पुढे पुन्हा भारताकडून कसोटी खेळले. भारतीय क्रिकेट मंडळाच्या इतिहासात अन्यायाचे प्रसंग बरेच आहेत, पण इतका ढळढळीत क्वचितच.

गुप्ते ज्या दौऱ्याला मुकले त्याच दौऱ्यात कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. जीव वाचला. ते नंतर प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले, कसोटी मात्र नाही. सोलापूरला जन्मलेल्या सलील अंकोलाचं दुखणं पायाच्या हाडातलं. नोव्हेंबर 1989 मध्ये कराचीत सचिनसोबत त्याचं कसोटी पदार्पण झालं, तीच त्याची एकमेव कसोटी ठरली, आणि वयाच्या 28 व्या वर्षी खेळ सोडून तो अभिनयाकडे वळला. शरीरच नाही म्हणालं की वाद घालायला जागा उरत नाही.

वादाची जागा आहे ती पुढच्या प्रकारात. डिसेंबर 1984, पुन्हा दिल्ली, पुन्हा इंग्लंड. सामना वाचवायचा असताना संदीप पाटील आणि कपिल देव दोघेही उंच फटके मारून बाद झाले, भारत हरला. कोलकात्याच्या कसोटीतून दोघांनाही काढलं. कपिल एका सामन्यानंतर परतला. पाटील कसोटी संघात परतलाच नाही. अपराध सारखा, शिक्षा वेगळी. कारण कपिलच्या जागी दुसरा कपिल देशात नव्हता, आणि पाटीलच्या जागी कोलकात्यात महंमद अझरुद्दीन नावाचा मुलगा आला होता. त्याने पहिल्या तिन्ही कसोटींत शतकं ठोकली. अॅडलेडचे 174, मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकातले सहा चौकार, सगळं असूनही पाटीलची कसोटी कारकीर्द 29 सामने आणि 1588 धावांवर 28 व्या वर्षी संपली. आर्णी परिसरातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: कापूस कितीही चांगला पिकला तरी भाव ठरतो तो बाजारात आवक किती आहे यावर.

गंमत अशी की अझरचाही शेवट शतकाने झाला. मार्च 2000 मध्ये बंगळूरला 102, ती त्याची 99 वी कसोटी. त्यानंतर सामनानिश्चितीचं प्रकरण आणि बंदी. शंभरावी राहिली ती राहिलीच.

विनोद कांबळीबद्दल महाराष्ट्रात इतकं बोललं गेलं आहे की आकडेच बाजूला पडतात. 17 कसोटी, 1084 धावा, सरासरी 54.20. 1993 मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध 224, लगेच दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध 227. शेवटची कसोटी नोव्हेंबर 1995 मध्ये कटकला, वय 23. त्याच्या राहणीवर बोट ठेवणं सोपं आहे आणि ते अगदीच चुकीचंही नाही. वेस्ट इंडीजच्या आखूड टप्प्याच्या माऱ्यापुढे तो अडखळला होता, हेही खरं. पण तसे अडखळून सावरलेले अनेक आहेत. सावरायला लागणारा वेळ त्याला मिळाला नाही, कारण जून 1996 मध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड एकाच सामन्यात आले आणि मधल्या फळीत पुढची कित्येक वर्षं जागाच रिकामी झाली नाही.

वसिम जाफरचंही तसंच. अँटिग्वात 212, कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध 202. मग 2007–08 चा ऑस्ट्रेलिया दौरा वाईट गेला, एप्रिल 2008 मध्ये कानपूरची कसोटी झाली आणि सेहवागसोबत गंभीर स्थिरावला. जाफर 31 कसोटींवर थांबला. विदर्भाला त्याचा फायदा झाला, असं म्हटलं तर निष्ठुर वाटेल, पण ते खरं आहे. चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली विदर्भाने 2017–18 आणि 2018–19 असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले, त्या संघात चाळिशीतला जाफर होता. मार्च 2018 मध्ये इराणी करंडकात जामठ्यावर त्याने 286 धावा केल्या. देशाच्या दृष्टीने दहा वर्षांपूर्वीच संपलेला फलंदाज!

या भागातून बाहेर जाऊन खेळलेल्यांत कानिटकर घराण्याची गोष्ट वेगळीच आहे. हेमंत कानिटकर यांचा जन्म अमरावतीचा, क्रिकेट महाराष्ट्राकडून. 1974 मध्ये बंगळूरला वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पणात त्यांनी 65 धावा केल्या. गॉर्डन ग्रीनिज आणि व्हिव्ह रिचर्ड्स यांचंही पदार्पण त्याच सामन्यातलं. कानिटकर दुसऱ्या कसोटीनंतर बाहेर झाले. पंचवीस वर्षांनी मुलगा हृषीकेश मेलबर्न आणि सिडनी अशा दोन कसोटी खेळला आणि तोही तिथेच थांबला. बाप दोन, लेक दोन.

आणि मग उमेश यादव. वडील नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामाला. विदर्भाकडून घडून कसोटी खेळलेला हा पहिला खेळाडू. नोव्हेंबर 2011 ला दिल्लीत पदार्पण, जून 2023 मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना. 57 कसोटी, 170 बळी. त्याच्या कारकिर्दीची कळ ऑक्टोबर 2018 मध्ये आहे. हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने सामन्यात 10 बळी घेतले. घरच्या मैदानावर असं करणारे भारतीय वेगवान गोलंदाज त्याआधी दोनच, कपिल देव आणि श्रीनाथ. त्यानंतरची भारताची पुढचीच कसोटी डिसेंबरमध्ये अॅडलेडला होती. उमेश संघाबाहेर! पर्थला एक संधी मिळाली, मेलबर्नला पुन्हा बाहेर. भारतात खेळताना फिरकीमुळे वेगवान गोलंदाजांना जागा दोन, आणि परदेशात बुमराह, शमी, ईशांत आधीच रांगेत. सप्टेंबर 2021 मध्ये ओव्हलवर इंग्लंडला हरवताना त्याने सहा बळी घेतले, तरी तो पर्यायीच राहिला. भारताला इतके चांगले वेगवान गोलंदाज एकाच वेळी पूर्वी कधी मिळाले नव्हते, आणि उमेश नेमका त्याच काळात जन्मला. 1990 च्या दशकात तो आणखी वीस-पंचवीस कसोटी सहज खेळला असता, असं मत मांडायला हरकत नाही.

करुण नायरचं नाव इथे घ्यायलाच हवं. चेन्नईत 2016 मध्ये नाबाद 303, काही महिन्यांत संघाबाहेर. विदर्भाकडे आला, 2024–25 च्या रणजी मोसमात 863 धावा केल्या, नागपूरला केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात 86 आणि 135 करून विदर्भाला तिसरा करंडक मिळवून दिला. आठ वर्षांनी, 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात तो पुन्हा कसोटी खेळला. चार कसोटींत एकच अर्धशतक, आणि वेस्ट इंडीजविरुद्धच्या पुढच्या मालिकेत नाव नाही. बंद दार उघडतं, पण आत शिरल्यावर घड्याळ दुप्पट वेगाने धावतं.

मोठी नावं तरी सुटतात का? नागपूरला जन्मलेला रोहित शर्मा फेब्रुवारी 2010 मध्ये जामठ्यावरच पदार्पण करणार होता; नाणेफेकीआधी सरावात फुटबॉल खेळताना घोटा मुरगळला आणि पदार्पण नोव्हेंबर 2013 वर गेलं. कर्णधार झाल्यावर जानेवारी 2025 मध्ये सिडनी कसोटीत तो स्वतःच बाहेर बसला. 7 मे 2025 ला समाजमाध्यमावर निवृत्ती जाहीर झाली, तेव्हा मेलबर्नची कसोटी शेवटची होती हे नक्की झालं. सचिनला वानखेडेवर दोनशेव्या कसोटीत निरोप मिळाला. पण निवड समितीचे अध्यक्ष राहिलेल्या संदीप पाटीलने 2016 मध्ये एका मराठी वृत्तवाहिनीवर सांगितलं की, 2012 मध्ये सचिनने एकदिवसीय क्रिकेट सोडलं नसतं तर समितीने त्याला वगळलंच असतं. हे सांगणारा माणूस स्वतः एका फटक्यापायी गेलेला, हे विसरू नये.

निवड समितीच्या त्या खुर्चीत बोर्डे बसले, वाडेकर बसले, वेंगसरकर आणि पाटील बसले. वाडेकर तर 1971 ला वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकलेले कर्णधार. 1974 मध्ये इंग्लंडने 3–0 ने धुतल्यावर पश्चिम विभागाच्या संघातही त्यांना स्थान उरलं नव्हतं. जुलै 2023 मध्ये अध्यक्ष झालेला अजित आगरकर शेवटची कसोटी जानेवारी 2006 मध्ये लाहोरला खेळला आणि निवृत्त झाला 2013 मध्ये. मधली साडेसात वर्षं काय असतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पन्नासहून अधिक कसोटी खेळलेल्या खेळाडूला वगळताना यादी जाहीर होण्याआधी अध्यक्षाने स्वतः फोन करावा आणि कारण स्पष्ट सांगावं, एवढा एक नियम मंडळाने लिहून ठेवायला हवा. त्याला पैसा लागत नाही.