टॅलीप्राइम: सवयीच्या बोटांना नवी वाट
दादरच्या साडीच्या दुकानापासून लालबागच्या मसाल्याच्या पेढीपर्यंत हिशेब म्हटला की टॅलीचेच नाव निघते. ‘टॅली येणे आवश्यक’ ही अट कारकुनाच्या नोकरीच्या जाहिरातीत ठरलेलीच. हे सॉफ्टवेअर बंगळूरचे. कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे व्यापारी श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्यासाठी मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना. तेव्हा त्यांचा मुलगा भरत याने ते लिहिले आणि १९८६ साली बापलेकांनी कंपनी काढली.

२००९ साली आलेले टॅली ईआरपी ९ दुकानादुकानांत इतके मुरले की हिशेबनीस पडद्याकडे न पाहताही नोंदी करू लागले. म्हणूनच नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आले, तेव्हा पहिली प्रतिक्रिया कौतुकापेक्षा कुरकुरीची होती. टाळेबंदीच्या त्या वर्षात आधीच गल्ला रिकामा, त्यात शिकलेले विसरायचे कोणी!

प्रत्यक्षात विसरण्यासारखे थोडेच होते. पेमेंटला एफ५, जमेला एफ६, जर्नलला एफ७, विक्रीला एफ८, खरेदीला एफ९ या कळा तशाच राहिल्या. बिल करता करता नवे गिऱ्हाईक आले, तर आल्ट+सी दाबून तिथल्या तिथे त्याचे खाते उघडण्याची सोयही कायम राहिली. बदलली ती मांडणी. पूर्वी नवे खाते उघडायचे तर ‘अकाउंट्स इन्फो’, मग ‘लेजर्स’, मग ‘क्रिएट’ असे दोन-तीन दरवाजे ओलांडावे लागत. आता मुख्य पडद्यावरच ‘क्रिएट’ आहे. नवशिक्याला हे सोपे वाटते. जुन्या माणसाची बोटे मात्र काही दिवस ‘अकाउंट्स इन्फो’ शोधत राहतात.

खरी जमेची बाजू म्हणजे आल्ट+जी, अर्थात ‘गो टू’. बिल अर्धवट असताना गिऱ्हाईक विचारते, “माझी मागची बाकी किती?” जुन्या पद्धतीत बिलातून बाहेर पडून खातेवही पाहावी लागे. आता बिल तसेच ठेवून बाकी पाहता येते आणि परत तिथेच येता येते. गर्दीच्या दुकानात या एका सोयीसाठी बाकीचा त्रास माफ करावा.

जीएसटीच्या दराचे काम जरा नीट पाहण्यासारखे आहे. लालबागच्या चिवडा गल्लीचे उदाहरण घेता येईल. सुट्या चिवड्यावर ५ टक्के आणि लेबल लावलेल्या पाकिटावर १२ टक्के जीएसटी होता. चिवडा तोच, पण टॅलीत दोन वेगळे आयटम. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकिटावरही ५ टक्के झाले. अशा वेळी आयटमच्या नोंदीत नवा दर त्याच्या लागू तारखेसह भरायचा. जुना दर पुसून त्या जागी नवा लिहिला, तर आधीच्या महिन्याचे बिल दुरुस्तीसाठी उघडताना घोटाळा होतो. ही चूक सॉफ्टवेअरची नव्हे, पण सॉफ्टवेअर ती थांबवतही नाही.

दुसरा बदल कायद्याने आणला. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे सक्तीचे झाले. त्यासाठी टॅलीप्राइमची ‘एडिट लॉग’ आवृत्ती आहे आणि तिच्यात ही नोंद बंद करता येत नाही. एकट्या मालकीच्या दुकानाला ही सक्ती नाही, तरी दोघे-तिघे एकाच संगणकावर बसत असतील तर साध्या आवृत्तीतही ती चालू ठेवणे शहाणपणाचे. कोणी कधी काय बदलले, यावरून होणारे वाद त्यामुळे कमी होतात.

पडद्याच्या देखणेपणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रंग शांत आहेत, अक्षरे स्वच्छ आहेत. कीर्द-खतावणीवर वाढलेल्या हिशेबनिसाला माउसपेक्षा कळफलक जवळचा, आणि टॅलीने तो सोडला नाही, हे बरे केले. गिरगावातल्या जुन्या पेढ्यांत लक्ष्मीपूजनाला आजही वही पुजली जाते; तिच्यात पुढे काही लिहिले जाईलच असे नाही.

टॅलीची वार्षिक सेवा चालू असलेल्यांना टॅलीप्राइमसाठी वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत. ज्या दुकानात अजून ईआरपी ९ चालते, तिथे बदल करायचा असेल तर तो नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे एप्रिलमध्ये करावा. त्याआधी पूर्ण बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावा आणि दिवाळीच्या तोंडावर हा घाट मुळीच घालू नये.