शनिवारी घाणा थांबायचा

कोकणात अलिबाग, रेवदंडा, नागावच्या पट्ट्यात बेने इस्रायली ज्यू तेल गाळत. शनिवारी घाणा बंद. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी बैल जुंपला जात नसे. गावाने त्यांना नावच दिलं, शनिवार तेली! धंदा बुडेल या भीतीने त्यांनी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा धार्मिक विसावा, सोडला नाही, आणि शेजाऱ्यांच्या भावनेखातर त्यांच्यातल्या अनेकांनी गोमांसही टाळलं. ही समज मोलाची आहे.

आज जालन्यात बियाण्यांच्या किंवा ठिबक सिंचनाच्या बैठकीला एखादा धर्मनिष्ठ ज्यू पाहुणा आला तर आपणही तीच समज कशी दाखवावी?

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो, म्हणून त्या दिवशीची बैठक दुपारीच आटोपावी. कर्मठ ज्यू पुरुष परस्त्रीशी हस्तांदोलन करत नाहीत, स्त्रियाही परपुरुषाशी करत नाहीत. तिथे आपला नमस्कार कामी येतो. पुढे केलेला हात अवघडून तसाच राहत नाही.

जेवणाचं जरा नाजूक. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या, भांड्यांत शिजलेलं नसेल तर काहीजण साधं वरणही घेत नाहीत. एकादशीला ऑफिसातला समोसा नाकारणाऱ्याला आपण आग्रह करत नाही, तसंच हे. जालन्याची मोसंबी मात्र सालीसकट पुढे ठेवावी; पाहुणा स्वतः सोलून निर्धास्त खातो.