विश्लेषण : दोन पिस्तुले, चाळीस-चाळीस छर्रे… पहिले एअर पिस्तूल निवडायचे कसे?

सुरगाण्याहून पहाटेची एसटी पकडून तेरा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील वणी, दिंडोरी करत नाशिकच्या एका रेंजवर पोहोचले, तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. मुलगी वर्षभर सुट्टीच्या दिवशी येऊन क्लबच्या पिस्तुलावर सराव करते. आता स्वतःचे पिस्तूल हवे, असे कोचनी सांगितले आणि पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज भरून झाला. टेबलावर दोन वापरलेली पिस्तुले ठेवली होती : रशियन बायकाल ४६-एम आणि ऑस्ट्रियन स्टायर एलपी-१०. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट. दोन्हींतून प्रत्येकी चाळीस छर्रे मारायचे आणि मग ठरवायचे, एवढेच त्या दिवशीचे काम.

अशी निवड सध्या बऱ्याच घरांत चालू आहे. राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. पॅरिसमध्ये २०२४ साली मनू भाकरने दोन कांस्यपदके आणि स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये एक पदक मिळवल्यावर रेंजवरची गर्दी आणखी वाढली. स्वप्नीलही राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचाच मुलगा आणि नाशिकमध्ये घडलेला. त्यामुळे त्याचे नाव या घरात रोज निघते.

परवाना लागतो का?

गावात पहिला प्रश्न हाच विचारला गेला. उत्तर : नाही. शस्त्र नियम २०१६ नुसार ज्या एअर गनची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नाही आणि नळीचा व्यास .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, तिला परवान्यातून सूट आहे. १० मीटर स्पर्धेचे पिस्तूल या मर्यादेच्या खूप खाली असते. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. शाळेतले सूत्र लावा, सहा ज्यूलच्या आसपास येतात.

पण कायद्याची सूट एसटीच्या कंडक्टरला पाठ असेल असे नाही. पिस्तूल दिसायला खऱ्यासारखेच असते. म्हणून ते कुलूपबंद पेटीत, रिकामे, बिल आणि क्लबचे ओळखपत्र सोबत ठेवूनच न्यायचे. वापरलेले घेतानाही मूळ बिल मागून घ्यायचे. डोळ्यांना गॉगल न लावता आणि मागे छर्रे अडवणारी पेटी न ठेवता घरी एकही छर्रा मारायचा नाही. सहा ज्यूल डोळा घालवायला पुरेसे आहेत.

दोघांत फरक काय?

हवा कुठून येते, हा. ४६-एममध्ये प्रत्येक शॉटआधी नळीखालचा लांब दांडा उघडून बंद करायचा. त्या एका हिसक्याने हवा दाबली जाते आणि तीच छर्ऱ्याला ढकलते. सिलिंडर नाही, पंप नाही, बाहेरून काही भरून आणणे नाही. एलपी-१० मध्ये नळीखाली छोटा सिलिंडर असतो. त्यात २०० बारपर्यंत हवा भरतात, एका भरणीत दीडशेच्या वर शॉट निघतात. दुचाकीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, म्हणजे गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे उपयोगाचा नाही.

नाशिक-पुण्याच्या मुलांना हा मुद्दा कळतही नाही, कारण क्लबात मोठी टाकी असते. सुरगाण्याहून मात्र सिलिंडर भरायला सुमारे ९० किलोमीटर यावे लागते. उच्च दाबाचा हातपंप मिळतो. पण तिकडच्या पावसाळ्यातली दमट हवा दाबली की तिच्यातले पाणी सिलिंडरमध्ये उतरते आणि आतले भाग खराब होतात. सिलिंडरला मुदतही असते. ती बहुतेक कंपन्या दहा वर्षांची देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर लावून स्पर्धेत उभे राहता येत नाही. जुने पिस्तूल घेताना किंमत विचारण्याआधी सिलिंडरवरची तारीख वाचावी. मी स्वतः ती तीनदा वाचली.

हे सगळे ऐकल्यावर वडिलांचा कल सरळ बायकालकडे झाला. कागदावर माझाही झाला असता.

रेंजवर काय तपासायचे?

कोचनी आधी मुलीला डोळे मिटायला लावले. हात खाली, मग पिस्तूल निशाण्याच्या उंचीला उचल, आता डोळे उघड. पुढचा आणि मागचा साईट आपोआप एका रेषेत आले, तर मूठ हाताला बसली. स्टायरवर दहापैकी आठ वेळा ते जुळले. बायकालवर पुढचा साईट दरवेळी खाली झुकलेला. मूठ लाकडी असते, कानशीने घासता येते, लांबी टाकून भरता येते. त्यामुळे एवढ्यावरून पिस्तूल नापास करू नये.

हे इतके बारीक का पाहायचे? निशाण्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते. साधारण शर्टाच्या बटणाएवढे. दोन साईटमधले अंतर ३३ सेंटिमीटर धरले आणि पुढचा साईट पाव मिलिमीटर सरकला, तर १० मीटरवर छर्रा साडेसात मिलिमीटर लांब जातो. दहाचे नऊ व्हायला तेवढे जवळजवळ पुरते.

मग ट्रिगर. नियमानुसार तो किमान ५०० ग्रॅम ओढीचा हवा. नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन लटकवतात आणि पिस्तूल उचलतात. वजन पेलले, तर पास. बायकालचा ट्रिगर आधीच्या मालकाने फारच हलका करून ठेवला होता, वजन उचलताच सुटला. कोचनी स्क्रू फिरवून पाच मिनिटांत तो ठीक केला. पण हेच स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर झाले असते, तर मुलीच्या हाताला घाम फुटला असता. एकूण वजनाची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम आहे. बायकाल साधारण १३०० ग्रॅमचे, स्टायर किलोच्या आत.

गुण काय सांगतात?

दहा-दहाच्या चार फेऱ्या झाल्या. बायकाल : ८६, ८६, ८४, ७९. स्टायर : ८४, ८५, ८६, ८५. बेरीज ३३५ आणि ३४०. वडील लगेच म्हणाले, ‘‘पाच गुणांनी हे पुढे!’’

इथे थोडे थांबायला हवे. एका शॉटमागे एका गुणाची चढउतार धरली, तरी दहा शॉटच्या बेरजेत तीनेक गुण इकडेतिकडे होतातच. चाळीस-चाळीसच्या दोन बेरजांमध्ये तर आठ-नऊ गुणांचा फरकही नुसत्या योगायोगाने पडू शकतो. पाच गुणांवर कर्ज काढू नये. बहुतेक जण दहा शॉट मारून, नव्या वस्तूच्या उत्साहात ‘हे भारी आहे’ ठरवतात, ते त्याहून वाईट.

खरी गोष्ट शेवटच्या फेरीत होती. बायकालवर ७९ झाले तेव्हा मुलगी दांडा ओढताना डाव्या हाताने पिस्तूल पोटाशी धरत होती. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात, त्याआधीचे सरावाचे वेगळे. साठ-सत्तर वेळा दांडा ओढायचा आणि तितक्याच वेळा १३०० ग्रॅम एका हाताने उचलायचे. ७९ हाही योगायोग असू शकतो, म्हणून कोचनी पुढच्या रविवारी पुन्हा बोलावले आणि क्रम उलटा केला : आधी बायकाल नव्हे, स्टायर. थकलेल्या हाताने घेतलेल्या बायकालवर तिसऱ्या फेरीतच गुण घसरले. त्याच्या पुढच्या रविवारी, ताज्या हाताने पुन्हा आधी बायकाल दिले. तरीही चौथ्या फेरीत तेच.

‘‘गुरुजी, दोन वर्षांनी तिचा खांदा भरेल, तेव्हा हे पिस्तूल वाईट नाही. आज नको,’’ कोच म्हणाले.

महाग पिस्तुलाने पदक येते का?

पॅरिसमध्ये तुर्कियेचा युसूफ दिकेच खिशात हात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिक रौप्य घेऊन गेला. तो फोटो पाहून ‘साहित्य लागतच नाही’ असे मेसेज फिरले. त्याच्या हातातले पिस्तूल स्पर्धेचेच होते, याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. उलट बाजूला टोकियो. २५ जुलै २०२१ ला पात्रता फेरी सुरू असताना मनू भाकरचे पिस्तूल बिघडले, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुणांवर ती थांबली आणि अंतिम फेरी हुकली. तिचे पिस्तूल काही स्वस्तातले नव्हते. सील, स्प्रिंग बदलून देणारा माणूस किती तासांवर आहे, हे किमतीइतकेच महत्त्वाचे.

शेवटी स्टायर घेतले. घरी पडवीच्या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंत टेपने मोजले, तर १० मीटर आणि वर वीतभर. रोज संध्याकाळी मुलगी तिथे छर्रा न घालता, हवा न वापरता, कोऱ्या भिंतीकडे पाहत ट्रिगर ओढते. तिच्या सरावाचा मोठा भाग हाच आहे, त्याला सिलिंडर लागत नाही. दर दुसऱ्या रविवारी हवा भरायला नाशिकला यायचे ठरले आहे. दुसऱ्या सिलिंडरचे पैसे दिवाळीनंतर.