जन्माआधीचं रक्त

एक अक्षर. संपूर्ण पोथीत चुकलेलं फक्त एक अक्षर!

ही पोथी म्हणजे आपली जनुकं, सुमारे ३०० कोटी अक्षरांची. त्यात हिमोग्लोबिनच्या पाठात एका जागी 'ए'ऐवजी 'टी' आलं की बीटा साखळीच्या १४६ मण्यांतला सहावा मणी बदलतो. एवढ्यानं काय बिघडणार? पण असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन देऊन मोकळं झालं की एकमेकांना चिकटतं, त्याचे ताठ दोरे वळले जातात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत हे विळे अडकतात. मग हाडं फोडून काढणाऱ्या वेदना. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत कितीतरी घरांना या आजाराचं नाव पाठ आहे: सिकलसेल.

आता गंमत बघा. हा आजार जन्मजात, तरी नवजात बाळ मात्र ठणठणीत असतं! पहिले काही महिने त्रास जवळजवळ नाहीच. असं का? १९४८ साली न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी नेमकं हेच हेरलं. बाळाच्या रक्तात दुसरंच हिमोग्लोबिन असतं, तेच त्याला सांभाळत असावं, असं त्यांनी सुचवलं.

दुसरं कशाला? पोटातल्या बाळाला हवा कुठली! त्याला ऑक्सिजन घ्यायचा तो वारेतून, आईच्या रक्तातून. म्हणून त्याचं हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं. त्यात बीटा साखळीच नसते, तिच्या जागी गॅमा असते. म्हणजे चुकलेलं अक्षर ज्या पानावर आहे, ते पान अजून फारसं उघडलेलंच नसतं!

जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं काम थांबत जातं आणि बीटाचं वाढतं. पण गॅमाचं जनुक जातं कुठे? कुठेच नाही. तुमच्या-माझ्या रक्ताच्या मूळ पेशींत ते आजही शाबूत आहे, फक्त कुलूपबंद. या कुलपाचं नाव बीसीएल११ए.

मग ते कुलूप काढलं तर? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिलेला कॅसजेव्ही हा उपचार तेच करतो. रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीनं त्यांतलं ते कुलूप निकामी करायचं आणि पेशी परत शरीरात सोडायच्या. चुकलेलं अक्षर तसंच राहतं, त्याला कुणी हातही लावत नाही. शरीर पुन्हा जन्माआधीचं हिमोग्लोबिन बनवू लागतं! मला तर हे वाचून शहारा आला होता.

अमेरिकेत या उपचाराची किंमत २०२३ मध्ये २२ लाख डॉलर ठरली होती. आपल्या गावपाड्यांपर्यंत तो यायला वेळ लागेल. पण हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळीही अनेक रुग्णांत हेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, आणि ती आज मिळते.

बीटाच्या जनुकाची चुकलेली प्रत एकाच पालकाकडून आली तर माणूस वाहक, सहसा धडधाकट. उलट मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून त्याला संरक्षणच मिळतं. म्हणून तर ही चूक हजारो वर्षं टिकली. मात्र आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक.

तुमच्या भागात सिकलसेल असेल, तर लग्न ठरण्याआधी दोघांचंही रक्त तपासून घ्या. पहिल्या चाचणीला बोटाच्या टोकावरचं थेंबभर रक्त पुरतं.