पटावर बुडालेली जहाजे

मे १९४२ च्या पहिल्या आठवड्यात जपानच्या हाशिराजिमा तळावर 'यामातो' ही अवाढव्य युद्धनौका नांगर टाकून उभी होती आणि तिच्यावर आरमाराचे वरिष्ठ अधिकारी मिडवे बेटाची मोहीम नकाशावर खेळून पाहत होते. एका फेरीत मिडवेवरून उडालेल्या अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू नौका गाठल्या. फासा पडला, नऊ बॉम्ब लागले, 'अकागी' आणि 'कागा' बुडाल्या. मुख्य पंच होते ॲडमिरल मातोमे उगाकी. त्यांनी नऊचे तीन केले. 'अकागी' नुसती जखमी ठरली. 'कागा' बुडाली खरी, पण पुढच्या फिजी-न्यू कॅलेडोनियाच्या डावात तीही पुन्हा पाण्यावर आली. महिन्याभराने, ४ जून रोजी, खऱ्या समुद्रात या दोन्ही नौका पेटल्या आणि त्यांच्याबरोबर 'सोर्यू' व 'हिर्यू'ही गेल्या. मित्सुओ फुचिदा आणि मासाताके ओकुमिया या दोन जपानी अधिकाऱ्यांच्या युद्धानंतरच्या पुस्तकामुळे ही गोष्ट जगभर पसरली आणि तिचे तात्पर्यही ठरून गेले: खेळाने भविष्य सांगितले होते, पंचाने ते पुसून टाकले. प्रशांत महासागरातले युद्ध पटावर खेळण्याच्या परंपरेला आता शतक उलटून गेले आहे. तिचा मागोवा घेताना या तात्पर्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण ते सोयीचे असले तरी पुराव्याला उतरत नाही.

पुरावा असा. ४ जूनच्या सकाळी मिडवेच्या धावपट्टीवरून उडालेल्या विमानांपैकी एकाचाही बॉम्ब किंवा टॉर्पेडो जपानी विमानवाहू नौकेला लागला नाही. उंचावरून बॉम्ब टाकणाऱ्या 'बी-१७' विमानांचेही सगळे बॉम्ब पाण्यात गेले. म्हणजे नऊ बॉम्ब फार झाले, हा उगाकींचा अंदाज तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता. चारही नौका संपवल्या त्या अमेरिकी विमानवाहू नौकांवरून आलेल्या सूरमारी बॉम्बफेकी विमानांनी. तेव्हा फाशाने वर्तवलेला निकाल जसाच्या तसा खरा ठरला, असे म्हणता येत नाही. पण त्या फेरीत एक प्रश्न उभा राहिला होता आणि त्याला निकालापेक्षा जास्त मोल होते. आपली विमाने बेटावर हल्ला करायला गेली असताना शत्रूच्या नौका बाजूने आल्या, तर काय करायचे? खुद्द उगाकींनी हा प्रश्न विचारल्याची नोंद आहे. विमानवाहू नौकांच्या ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल नागुमो यांच्या बाजूने आलेले उत्तर मोघम होते. निम्मी विमाने जहाजांवरच्या हल्ल्यासाठी टॉर्पेडो लावून राखीव ठेवावीत, एवढे ठरले. ती राखीव शक्ती बेटासाठी वापरण्याचा मोह झाला तर काय, हे ठरले नाही. ४ जूनला सकाळी सव्वासातच्या सुमारास नागुमोंनी नेमकी तीच विमाने टॉर्पेडो काढून बॉम्बसाठी खाली घ्यायला सांगितली. त्यानंतर शत्रूच्या नौका दिसल्याची खबर आली.

हा प्रश्न केवळ पटावरच निघाला होता असेही नाही. दोनच महिन्यांपूर्वी तो आपल्या दाराशी, हिंदी महासागरात, प्रत्यक्ष घडला होता. एप्रिल १९४२ मध्ये नागुमोंचा ताफा पाच विमानवाहू नौका घेऊन श्रीलंकेवर चालून आला. ५ एप्रिलला कोलंबोवर हल्ला झाला आणि ६ एप्रिलला दुसऱ्या जपानी तुकडीच्या विमानांनी विशाखापट्टणम व काकीनाडा इथे बॉम्ब टाकले. ब्रिटिश ॲडमिरल सोमरव्हिल यांनी मंद गतीची जुनी जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे पाठवली आणि वेगवान जहाजे मुंबईकडे आणली. जपानच्या दृष्टीने ही मोहीम देखणी झाली. 'हर्मिस' ही विमानवाहू नौका आणि 'डॉर्सेटशायर' व 'कॉर्नवॉल' या दोन क्रूझर बुडाल्या. पण कोलंबोवर दुसरा हल्ला चढवण्यासाठी टॉर्पेडो उतरवून बॉम्ब लावण्याचे काम चालू असतानाच शत्रूची जहाजे दिसल्याची खबर आली आणि पुन्हा अदलाबदलीची धांदल उडाली. ९ एप्रिलला तर नऊ ब्रिटिश 'ब्लेनहाइम' विमाने कुणाच्या लक्षात न येता थेट 'अकागी'च्या डोक्यावर पोचली. बॉम्ब जवळ पडले, पण लागले नाहीत, आणि विजयाच्या भरात तो इशारा विरून गेला. समुद्राने एप्रिलमध्ये विचारलेला प्रश्न पटाने मे महिन्यात पुन्हा विचारला. दोन्ही वेळा मूळ शंका बाजूला पडली. जपानचा दोष इथे दिसतो. पंचाने किती बॉम्ब कमी केले, ही बाब त्यापुढे किरकोळ आहे.

समोरच्या बाजूला, अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजात, काय चालले होते ते पाहिले की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. इतिहासकार मायकेल व्लाहोस यांच्या मोजणीप्रमाणे १९१९ ते १९४१ या काळात तिथे झालेल्या १३६ मोठ्या मोहीम-खेळांपैकी १२७ खेळांत शत्रू जपान होता. खेळात त्याचे नाव 'ऑरेंज'. सुरुवातीच्या डावांत अमेरिकी ताफा थेट फिलिपिन्सकडे झेपावत असे. पण पट पुन्हा पुन्हा दाखवत राहिला की हजारो मैलांच्या प्रवासात इंधन, दुरुस्ती आणि पाणबुड्यांचे हल्ले यांनी ताफा झिजतो आणि मनिलाला पोचेपर्यंत त्याची ताकद उरत नाही. १९३० च्या दशकात आराखडा बदलला आणि वाटेतली बेटे एकेक करून घेत, तळ बांधत पुढे जाण्याचा विचार रुजला. त्याच खेळांतून जोसेफ रीव्ह्ज यांच्यासारख्या अधिकाऱ्याला उमगले की नौकेवर एकूण विमाने किती, यापेक्षा एका दमात किती उडवता येतात, हे महत्त्वाचे. १९२५ नंतर 'लँग्ली' नौकेवर त्यांनी तसा सराव करून घेतला. १९२२-२३ मध्ये तिथे शिकलेले चेस्टर निमिट्झ यांनी पुढे सांगितले की शेवटच्या काळातले आत्मघाती हल्ले सोडले तर युद्धातले काहीच त्यांना अनपेक्षित वाटले नाही. ही मोठ्या मनाने दिलेली दाद म्हणावी लागेल, कारण ऑगस्ट १९४२ मध्ये साव्हो बेटाजवळ एका रात्रीत दोस्तांच्या चार क्रूझर बुडाल्या. जपान्यांचे रात्रीच्या लढाईतले कसब आणि त्यांच्या ऑक्सिजनवर चालणाऱ्या टॉर्पेडोचा पल्ला न्यूपोर्टच्या नियमांनी ओळखलेला नव्हता. नियम लिहिणाऱ्याला जे ठाऊक नाही, ते पटाला ठाऊक असू शकत नाही. म्हणून न्यूपोर्टचे यश भाकितात शोधू नये. पटाने अडवले की योजना बदलायची, ही सवय तिथे वीस वर्षे टिकली, हे त्या संस्थेचे खरे यश.

उलट उदाहरण पुन्हा जपानचेच, टोकियोतले. १९४१ च्या उन्हाळ्यात तिथल्या 'संपूर्ण युद्ध संशोधन संस्थे'त निवडक तरुण अधिकाऱ्यांना लुटुपुटीचे मंत्रिमंडळ बनवून अमेरिकेशी युद्ध खेळायला लावले. तोफा आणि विमाने मोजण्याऐवजी त्यांनी तेल, पोलाद आणि मालवाहू जहाजे मोजली. जहाजे बुडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा जास्त राहणार, दक्षिणेतले तेल हाती आले तरी घरी पोचणार नाही, आणि लांबलेल्या युद्धात पराभव होणार, असा निष्कर्ष त्यांनी ऑगस्टच्या अखेरीस मांडला. ऐकणाऱ्यांत तेव्हाचे युद्धमंत्री तोजो होते. हा कागदावरचा अभ्यास आहे, प्रत्यक्ष युद्ध असे चालत नाही, रशियाविरुद्धही आपण जिंकू असे कुणाला वाटले नव्हते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. बुडालेल्या जपानी व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकी पाणबुड्यांच्या वाट्याची होती.

पुरवठ्याचा हा हिशेब सामान्य खेळाडूच्या टेबलावर यायला वेळ लागला. अमेरिकेत अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीचा 'मिडवे' १९६४ मध्ये निघाला. शत्रूचा ताफा कुठे आहे हे न कळण्यातली धाकधूक हा त्याचा गाभा होता. १९८५ मध्ये मार्क हर्मन यांचा 'पॅसिफिक वॉर' आला आणि २००४ मध्ये गॅरी ग्रिग्सबी यांचा संगणकावरचा 'वॉर इन द पॅसिफिक'. या शेवटच्या खेळात एक चाल म्हणजे साधारण एक दिवस. पर्ल हार्बरपासून शरणागतीपर्यंत साडेतेराशेहून अधिक दिवस होतात, त्यामुळे दोघांनी पूर्ण डाव खेळायचा तर वर्षे लागतात. नकाशात मुंबई आणि कोलंबोही आहेत. यात विमानवाहू नौकांच्या झटापटी क्वचित होतात आणि खेळाडूचा बहुतेक वेळ टँकर, धावपट्ट्या, नवशिके वैमानिक आणि बंदरातली मालाची चढ-उतार यांत जातो. अनेकांना हे कंटाळवाणे वाटते. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या रावेरच्या वाचकाला त्यात अनोळखी काही नाही. केळीचे घड कापून झाले आणि रावेर-सावद्याहून दिल्लीकडे जायला वॅगन मिळाली नाही, तर बागेतले उत्तम पीक कवडीमोल होते. माल आणि बाजार यांच्यामधले अंतरच भाव ठरवते. प्रशांत महासागरात बंदूक आणि शत्रू यांच्यामधले अंतर असेच निर्णायक होते.

या खेळांवरचे आक्षेप मात्र हलके नाहीत. पहिला म्हणजे खेळाडूला इतिहास ठाऊक असतो. जपानची बाजू घेणारा कुणीही मिडवेची चूक पुन्हा करणार नाही. हे खरे आहे. पण ती चूक टाळूनही तेलाचा आणि जहाजांचा हिशेब जुळत नाही, असे दिसले, तर कोणती गोष्ट योगायोगाची होती आणि कोणती अटळ, याचा उलगडा होतो. नुसते वाचून तो इतका लखलखीत होत नाही. दुसरा आक्षेप नैतिक आहे: जिथे हजारो माणसे जळून, बुडून मेली तिथे सोंगट्या हलवणे कितपत शोभते? पट मृत्यू दाखवत नाही, हे मान्यच करायला हवे. ते काम आठवणींचे, साहित्याचे. पण मृत्यू न दाखवणारी युद्धवर्णनेही पुष्कळ असतात. त्यांत शौर्य असते आणि इंधन नसते. त्यांच्यापेक्षा पट अधिक प्रामाणिक ठरतो. तिसरा आक्षेप असा की हिशेबाने धाडस मरते. याला उत्तर ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीचे आहे. त्या रात्री भारतीय नौदलाच्या 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. या नौका बंदराच्या रक्षणासाठी बनवलेल्या, कमी पल्ल्याच्या. इंधन पुरणार नाही, ही अडचण आधी कबूल केली म्हणूनच त्यांना दोरखंडाने ओढत नेण्याची शक्कल अंमलात आली. तसे ओढून नेता येते हे कलकत्त्याहून मुंबईला त्या आणताना दिसलेच होते. अडचण मान्य केली म्हणून धाडसाला वाट सापडली. तोजोंनी अडचण नाकारली होती.

मराठी माणसाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही, कारण आपल्याकडे एक डाव अडीचशेहून अधिक वर्षे मनातल्या मनात खेळला जातो आहे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे निघाली ती बऱ्हाणपूरमार्गे, म्हणजे रावेरच्या शेजारून नर्मदेकडे गेली. पानिपतावरचा आपला वाद बहुधा भाऊंचा स्वभाव, होळकरांची निष्ठा, विश्वासरावांना लागलेली गोळी यांभोवती फिरतो. नकाशा पसरून खेळायला बसले तर पहिले प्रश्न वेगळे येतात. यात्रेकरू आणि बुणगे धरून रोज किती तोंडांना धान्य लागत होते? ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीशी संपर्क तुटला, त्यानंतर छावणी किती दिवस तग धरू शकत होती? अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले, तेव्हा मराठ्यांकडे दुसरी कोणती चाल उरली? त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपताच्या अभ्यासात कागदपत्रांची आणि मार्गांची कसोशीने छाननी केली. पण चर्चेत आपण पुन्हा दोषारोपांकडेच वळतो. १४ जानेवारी १७६१ चा डाव प्रामाणिकपणे मांडला, तर उपासमारीने कोंडलेल्या फौजेला त्या दिवशी लढण्याखेरीज किती पर्याय होते, हे पाहून कदाचित कुणा एकाला दोषी ठरवण्याची घाई कमी होईल.

आज प्रशांत महासागराचा पट पुन्हा मांडला गेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या संस्थेने तैवानवरच्या संभाव्य आक्रमणाचे २४ डाव खेळून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक डावांत आक्रमण फसले, पण अमेरिकेने दोन विमानवाहू नौका आणि शेकडो विमाने गमावली, आणि जहाजांवर मारा करणारी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे पहिल्या आठवड्यातच संपली. बातम्यांचा मथळा कोण जिंकले हा झाला. कामाचा मजकूर क्षेपणास्त्रांच्या साठ्याचा होता. भारतातही १९८८ मध्ये मुंबईजवळ करंजा इथे सुरू झालेले आणि २०११ मध्ये गोव्यात गेलेले नौदलाचे युद्ध महाविद्यालय अधिकाऱ्यांना अशाच विचाराची तालीम देते. तिथल्या सरावांचे निकाल बाहेर येत नाहीत आणि येऊही नयेत. पण भुसावळ आणि वरणगावच्या आयुध कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्या आपल्यासारख्या नागरिकांनी एक कसोटी जरूर लावावी. कुठल्याही संरक्षण-सरावाची बातमी आली की आपली बाजू जिंकली का, हे विचारून थांबू नये. पटावर जी अडचण उघड झाली तिच्यावर पुढे खर्च झाला का, साठा वाढला का, आराखडा बदलला का, हे विचारावे. यामातोवरच्या पंचाने बॉम्ब कमी केले तरी जपानला फारसे बिघडले नसते, जर त्याच्याच प्रश्नाला कुणी नीट उत्तर दिले असते.