पक्षी किती आणि कोणते?

गेल्या मे महिन्यात एका रविवारी पहाटेच मी सोलापूर रस्त्याने कवडीपाटला गेलो. मुळा-मुठेवरचा तेथील जुना दगडी बंधारा पक्षिनिरीक्षकांच्या परिचयाचा. पण त्यांची गर्दी हिवाळ्यात. उत्तरेकडून आलेले चक्रवाक उन्हाळा लागताच परततात. “आता तिथं काय पाहणार?” असे मित्राने विचारलेही.

पाहण्यासारखे पुष्कळ होते. एरवी मातकट दिसणाऱ्या वंचकाच्या पाठीवर विणीचा तांबूस-जांभळा रंग चढला होता. गायबगळ्याची मान केशरी झाली होती. मला पाहताच टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली. आमची आई हे ओरडणे अशुभ मानते. वास्तविक टिटवी आपली अंडी राखत असते. ती उघड्यावर, खड्यांत घातलेली आणि खड्यांच्याच रंगाची. ऊन तापले की ती पोटाची पिसे भिजवून आणते व अंड्यांना गारवा देते. पायाखाली येतील म्हणून मी मागे फिरलो.

सर्वांत जास्त होते शेकाटे. लांब लाल पायांचे हे थवे पाहून नदी सुखी वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. सांडपाण्याच्या गाळात किड्यांच्या अळ्या माजतात. त्या खायला शेकाटे जमतात. मासे टिपणारा नदीसुरय मात्र एकही दिसला नाही.

हेच पाणी पुढे दौंड तालुक्यात आमच्या उसाला मिळते. वडील म्हणतात, “पाखरं हायेत म्हंजे पाणी चांगलं.” सुट्टीत घरी गेलो की त्यांना नदीवर नेऊन दाखवणार आहे : पाखरे किती हे पाहण्याआधी कोणती ते पाहायला हवे.