चोखामेळ्याच्या नावाच्या शाळा

मौद्यापासून कन्हानच्या काठाने वर गेलं की कामठी लागते, आणि कामठीहून नागपूरची पाचपावली फार दूर नाही. अस्पृश्यतेविरुद्धचा लढा म्हटला की आपल्याला महाडचं तळं आणि नाशिकचं काळाराम मंदिर आठवतं. पण महाडच्या वीस वर्षं आधी, १९०७ साली, पाचपावलीच्या वस्तीत मुलींची शाळा निघाली होती. या टापूतला लढा मला त्या शाळेपासून सांगावासा वाटतो.

शाळा काढणारे किसन फागुजी बनसोडे. जन्म १८७९ चा, नागपूरजवळच्या मोहप्याचा. शाळेला त्यांनी नाव दिलं संत चोखामेळ्याचं. पुढे स्वतःचा छापखाना घातला आणि ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रं एकामागून एक काढली. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना अक्षर गिरवू दिलं नव्हतं, त्यांच्या वस्तीत आता खिळे जुळत होते.

बनसोड्यांइतकंच मोठं नाव जाईबाई चौधरींचं आहे, आणि ते फारच कमी घेतलं जातं. त्या मूळच्या उमरेडच्या. नागपूर-कामठी दरम्यान त्या डोक्यावरून ओझी वाहत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या ओळखीतून त्यांना मिशनच्या शाळेत शिक्षिकेचं काम मिळालं, पगार महिना चार रुपये. बाई अस्पृश्य आहेत हे कळताच पालकांनी मुलांना शाळेत पाठवायचं थांबवलं आणि नोकरी गेली. जाईबाईंनी मग नागपुरातच स्वतः मुलींची शाळा काढली. तीही चोखामेळ्याच्याच नावाची. जिच्या हातून शिकायला गाव तयार नव्हतं, तिने गावाची मनधरणी केली नाही. आपल्या वस्तीतल्या मुली गोळा केल्या. हे पाऊल मला कोणत्याही मोर्च्याइतकं मोलाचं वाटतं.

कामठीत हे काम हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजे बाबू हरदास, यांनी हाती घेतलं. रात्रशाळा काढल्या, कारण शिकणारे दिवसभर कामावर असत. १९२७ च्या सुमारास चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय सुरू केलं. त्याच वर्षी रामटेकच्या सभेत त्यांनी लोकांना सांगितलं की रामटेकच्या देवळात जाऊ नका आणि अंबाळा तलावाच्या घाण पाण्यात आंघोळ करू नका. इकडे घरोघरी बायका आणि पोरं पान भिजवून, कापून, तंबाखू भरून बिड्या वळत होती आणि फायदा ठेकेदाराच्या घरी जात होता. त्या बिडी कामगारांची संघटना बांधायला हरदासच पुढे आले. १९३७ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ ला क्षयाने गेले तेव्हा त्यांचं वय अवघं पस्तीस होतं.

असं काम इतर ठिकाणीही झालं आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तेव्हाच तिथल्या आणि इथल्या लढ्याचं नातं जोडलं गेलं. पुढे ओकलंडच्या ब्लॅक पँथरांनी काळ्या वस्त्यांतल्या पोरांना शाळेआधी सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली, १९६९ मध्ये. त्यांचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि गावोगाव तिच्या छावण्या निघाल्या. पँथरांचा आवाज आपल्या कानात अजून आहे. न्याहारी आणि रात्रशाळा मात्र आपण विसरतो.

चोखामेळ्याच्या नावावरून पुढे वाद झाला. देवळाच्या पायरीशी थांबलेला संत आपला आदर्श कसा, हा प्रश्न नव्या पिढीने विचारला आणि तो रास्त होता. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. बनसोड्यांना ती पटली नाही आणि त्यांची वाट वेगळी झाली. तेव्हापासून त्यांचं नाव मागे पडत गेलं. हा अन्याय आहे असं मला वाटतं. मतभेद खरा होता, पण पुढच्या वाटेवर चालणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी अशाच शाळांत अक्षरं गिरवली होती.

डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. जेवणाच्या वेळी जाईबाईंना आणि त्यांच्यासोबतच्या स्त्रियांना वेगळं बसवलं. हे केलं ते शिकलेल्या, सुधारक म्हणवणाऱ्या स्त्रियांनी. वस्तीतल्या बायकांनी सभा घेऊन त्याचा जाहीर निषेध केला. पुढे २० जुलै १९४२ ला नागपुरातच दलित स्त्रियांची स्वतंत्र अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या. त्यांनी ठराव केले ते घटस्फोटाच्या हक्काचे, बहुपत्नीत्व बंद करण्याचे आणि गिरणीत राबणाऱ्या बायकांना हक्काची रजा मिळण्याचे.